२२ हजारांत ग्राफिक्स कार्ड: आय-५ ९४००एफ असलेल्या संगणकासाठी कोणते घ्यावे?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझा संगणक २०१९ च्या दिवाळीत जोडून घेतलेला आहे. त्यात इंटेलचा आय-५ ९४००एफ प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे कार्ड आहे. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झचा आहे आणि तो बदलायचा नाही. व्हॅलोरंट आजही विनातक्रार चालतो, पण सायबरपंक २०७७ मध्ये सगळ्या सेटिंग्ज खाली आणल्या तरी चित्र अडखळते. शिवाय एनव्हीडियाने माझ्या १०५० टीआयसारख्या पास्कल पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे आता थांबवले असून ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत, त्यामुळे आणखी वाट पाहण्यात अर्थ वाटत नाही.

सगळा खर्च धरून माझ्याकडे २२,००० रुपये आहेत. नवे आरएक्स ६६००, वापरलेले १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० किंवा थोडे पैसे वाढवून इंटेल आर्क बी५८० अशी तीन कार्डे मनात आहेत. एका दुकानदाराने वापरलेले जीटीएक्स १६६० सुपर स्वस्तात देऊ केले आहे. आपला सल्ला हवा आहे.

सोल्डर:
आपण एसएमपीएसबद्दल, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, काहीच लिहिलेले नाही, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. १०५० टीआय जेमतेम ७५ वॉट वीज घेते आणि तीही मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच, म्हणून त्या कार्डावर एसएमपीएसची खरी परीक्षा कधी झालेलीच नसते. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७० आणि बी५८० ला १९०. या तिन्ही कार्डांना वेगळी वीजजोडणी द्यावी लागते.

आपल्याकडे कॅबिनेटसोबत जो ‘४५० वॉट’चा एसएमपीएस मिळतो, त्याच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढा, आतल्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड यांना प्रत्यक्षात मिळणारी वीज साधारण तेवढीच असते. एसएमपीएसमधून निघणाऱ्या वायरींमध्ये कार्डाला वीज देणारी ६+२ पिनांची जोडणी आहे का, तेही तपासा. हे दोन्ही कळल्याशिवाय कोणतेही कार्ड घेऊ नका, ही कळकळीची विनंती. दुरुस्तीच्या टेबलावर जळालेली कनेक्टर मी इतकी पाहिली आहेत की या बाबतीत मी तडजोड सुचवू शकत नाही.

निळी रेघ:
एसएमपीएसबाबत पूर्ण सहमत आहे. त्याखालोखाल प्रोसेसरचा विचार करावा लागेल. ९४००एफ मध्ये सहा कोअर आणि सहाच थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी सहाच कामे हाताळतो; त्यामुळे एका मर्यादेपलीकडे कार्ड कितीही मोठे घेतले तरी फ्रेम्स (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) वाढणार नाहीत. ही मर्यादा घरच्या घरी काढता येते. ज्या ठिकाणी खेळ अडखळतो तिथेच उभे राहून रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. फ्रेम्स भरपूर वाढल्या, तर अडथळा कार्डाचा आहे. जवळपास तेवढ्याच राहिल्या, तर प्रोसेसरचा आहे आणि नव्या कार्डाने निराशाच होईल.

आर्क बी५८० चे १२ जीबी आणि किंमत पाहून मोह होणे साहजिक आहे, परंतु आपल्या संगणकासाठी मी ते नक्कीच टाळेन. त्या कार्डाला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते आणि इंटेलच्या नवव्या पिढीला ती अधिकृतपणे नाही. शिवाय त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, हे २०२५ च्या सुरुवातीलाच जुन्या प्रोसेसरांवरच्या चाचण्यांमधून पुढे आले होते. कार्ड चांगलेच आहे, पण ते नव्या संगणकात शोभेल.

१६६० सुपर आज घेऊ नये. त्यात रे ट्रेसिंगसाठीचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याचे) हार्डवेअर नाही, आणि डूम: द डार्क एजेस सारखे खेळ त्याशिवाय सुरूच होत नाहीत. कोणी आरएक्स ६५०० एक्सटी सुचवले तर तेही नको, कारण ते पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरते आणि आपल्या बोर्डावर स्लॉट ३.० चा असल्यामुळे त्याची चांगलीच कुचंबणा होईल. आरएक्स ६६०० आठ लेन वापरते, त्यामुळे तिथे बहुतेक खेळांत फरक किरकोळ राहतो.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलेले आहेत, म्हणजे गुणाकार १९२ वॉट येतो. प्रोसेसर ६५ वॉटचा आणि आरएक्स ६६०० चे १३२, ही बेरीजच १९७ होते. पंखे आणि हार्ड डिस्क अजून धरलेली नाहीत. ६+२ पिनांची वायर तर त्याला मुळातच नाही. इतकी वर्षे मी ‘४५० वॉट’ या स्टिकरवर विसंबून होतो.

रिझोल्यूशनची चाचणीही केली. सायबरपंकमध्ये १०८०पी वर सेकंदाला ३४ फ्रेम्स मिळत होत्या, त्या ७२०पी वर ५८ झाल्या, पण गर्दीच्या बाजारात ५० च्या आसपासच घुटमळल्या. आता चांगला एसएमपीएस घेतल्यावर कार्डासाठी किती उरतील, याची चिंता आहे.

निळी रेघ:
आपल्या आकड्यांवरून आजचा अडथळा कार्डाचाच आहे, मात्र त्याच्या थोडे पुढे प्रोसेसर उभा आहे. म्हणून आरएक्स ६६०० च्या वर जाऊन पैसे घालवण्यात मला हशील दिसत नाही. एसएमपीएस बदलणे अगदीच अशक्य असेल, तर आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड हा एक मार्ग आहे. ते ७० वॉटमध्ये चालते आणि त्याला वेगळी वायर लागत नाही. पण ते आरएक्स ६६०० पेक्षा बरेच मागे आहे, आणि ८ जीबीच्या ३०५० शी त्याची गल्लत करू नका. नाव एकच असले तरी त्यात कोअरही कमी आहेत.

तापकीर गल्ली:
वापरलेल्या ३०६० बद्दल मी स्वतःचा अनुभव सांगतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे मायनिंग (चलन मिळवण्यासाठीची आकडेमोड) थांबले आणि त्यानंतर दिवसरात्र राबवलेली कार्डे बाजारात आली. त्यातलेच एक मी एका विक्रेत्याकडून घेतले. दुकानात दहा मिनिटे छान चालले; घरी आणल्यावर विसाव्या मिनिटाला पडद्यावर हिरवे ठिपके उमटू लागले आणि अर्ध्या तासात संगणक बंद पडला. कार्ड उघडले तेव्हा थर्मल पॅडमधून पाझरलेल्या तेलाचे चकाकणारे डाग मेमरीच्या चिपांभोवती दिसले. विक्रेत्याने ते परत घेतले नाही.

म्हणून वापरलेले घ्यायचे तर समोर किमान अर्धा तास जड खेळ चालवून घ्या, जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून ते बनावटपणाचा इशारा देत नाही ना ते पाहा, आणि वॉरंटी मूळ बिलावर मिळते की सिरियल नंबरवर, हे विचारा. ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याला त्या १२ जीबींचा खरोखर उपयोग होतो. केवळ खेळांसाठी आपल्या जागी मी वॉरंटीसह नवे ६६०० च घेईन.

सोल्डर:
एएमडी ६६०० साठी ४५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. नामांकित कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॉटचा घ्या, म्हणजे पुढचे कार्डही त्यावर चालेल. दोन पंख्यांचे साधे मॉडेल निवडले तर पैसे वाचतात. मात्र त्याची लांबी कॅबिनेटमधल्या मोकळ्या जागेशी ताडून पाहा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ९४००एफ मधल्या ‘एफ’चा अर्थ त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. कार्ड काढले की पडद्यावर काहीच दिसणार नाही, तेव्हा नव्या कार्डाची नीट चाचणी होईपर्यंत १०५० टीआय विकू नका.

कृष्णाकाठ:
स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या कप्प्यापर्यंत टेप लावून मोजले, २३ सेंटिमीटर जागा आहे. या महिन्यात एसएमपीएस घेऊन बसवतो आणि जुन्याच कार्डावर आठवडाभर चालवून पाहतो. आरएक्स ६६०० पुढच्या महिन्यात घेईन आणि सायबरपंकच्या त्याच बाजारात उभे राहून मिळालेल्या फ्रेम्स इथेच लिहीन.