जुन्या वाफेच्या इंजिनांची मॉडेलं पुन्हा निघतात, ती खरंच सुधारलीत का?

रूळवेडा

माझ्याकडे ट्राय-अँग या जुन्या ब्रिटिश कंपनीचं जिंटी आहे, म्हणजे एका छोट्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. सहा चाकांचं, काळं, जड. आवाज शिवणयंत्रासारखा, पण दोन थेंब तेल दिलं की आजही धावतं. आता त्याच्या जोडीला आणखी एक इंजिन घ्यायचंय. कॅटलॉग चाळला तर निम्मी नावं ओळखीचीच निघाली. इंजिन तेच, रंग नवा, खोका नवा आणि खाली लिहिलंय ‘सुधारित आवृत्ती’. नक्की काय सुधारलं? चाल सुधारली, की नुसता रंग? फोटोवरून काही पत्ता लागत नाही. ज्यांनी जुनं आणि नवं दोन्ही उघडून पाहिलंय त्यांनीच सांगा. पुढेमागे डीसीसी (एकाच रुळावरचं प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत) करायचाही विचार आहे.

धुराडं

खोक्यावर काय लिहिलंय ते सोडा. आधी दोनच गोष्टी शोधून काढा: वरच्या बॉडीचा साचा कधीचा आहे आणि खालची चॅसिस, म्हणजे चाकं-मोटर धरणारा सांगाडा, कधीची आहे. बाकी सगळं त्यावर ठरतं.

रॉकेटचं, म्हणजे स्टीव्हनसनच्या त्या आद्य इंजिनाच्या मॉडेलचं बघा. ट्राय-अँगने ते १९६३ मध्ये काढलं होतं. हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल-कंपनीने आपल्या शताब्दीला, २०२० मध्ये, पुन्हा काढलं आणि एका आवृत्तीला तर मुद्दाम जुन्या धाटणीचा खोका दिला. खोका पाहून वाटेल जुनाच माल आहे, पण साचा पूर्ण नवा. याच्या उलट हॉर्नबीचं स्मोकी जो. चार चाकांचं ते छोटं इंजिन १९८० च्या दशकापासून त्याच बॉडीत येतंय. पोरांच्या हातात द्यायला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण सांध्यांवरून (गाडी रूळ बदलते तिथून) मुंगीच्या पावलांनी जाईल अशी आशा ठेवू नका.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे वरचं जुनं, खालचं नवं. मेनलाइन नावाने जी इंजिनं यायची ती हाँगकाँगची केडर बनवायची. साचे केडरकडेच राहिले. पुढे केडरने बाखमन कंपनी घेतली, १९८९ च्या सुमाराला ब्रिटनमध्ये बाखमन ब्रँचलाइन सुरू झालं आणि त्यातली बरीच इंजिनं याच साच्यांतून निघाली. सुरुवातीला चॅसिसही तीच, दुभंगलेली. म्हणजे धातूचे डावे-उजवे दोन अर्धे, एकात धन, दुसऱ्यात ऋण, आणि आस मधोमध प्लॅस्टिकच्या नळीने जोडलेले. वर्षांनुवर्षांनी ती नळी तडकते, डाव्या-उजव्या चाकांचा कोन बिघडतो, दांडे अडकतात आणि इंजिन लंगडायला लागतं. नंतर त्यातल्या कित्येक इंजिनांना कंपनीने नवी चॅसिस दिली. तेव्हा एकाच नावाची, एकाच रंगाची दोन इंजिनं शेजारी ठेवली तर एक लंगडं आणि एक झकास, असं होऊ शकतं. वापरलेलं घेणार असाल तर उलटं करून पाहा. चाकांच्या पाठीला तांब्या-पितळेच्या बारीक पट्ट्या घासताना दिसल्या तर चॅसिस नंतरची. पट्ट्याच नसतील तर हात आखडता घ्या.

आता सुधारलं काय? चाल. यात मला तरी शंका नाही. नव्या चॅसिसमध्ये वीज सगळ्या चाकांवरून घेतात, कित्येकदा टेंडरच्या (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) चाकांवरूनही. मोटरला फ्लायव्हील (गती टिकवणारं जड चाक) असतं, त्यामुळे रुळावर धूळ असली तरी इंजिन गचके देत नाही. रंगकामही सुधारलं. पॅड प्रिंटिंग (मऊ ठशाने छपाई) आल्यापासून बॉयलरच्या पट्ट्यांवरची केसाएवढी रेघही स्वच्छ येते. पूर्वी हॅन्डरेल बॉडीतच उठवलेली असायची, आता वेगळी तार ओवतात.

फक्त जुनाच साचा असेल तर रंगाला भुलू नका. बॉयलरच्या माथ्यावरून बोट फिरवा. साच्याची शिवण लागली, रिव्हेट बोथट दिसले, कडेला प्लॅस्टिकचे पापुद्रे असले, तर साचा थकलाय. वर कितीही रेघा ओढा.

आणि बिघडलं काय, तर दुरुस्ती. तुमच्या जिंटीतली एक्सओ४ मोटर पाहिली असेल. सगळं उघडं. ब्रश बदला, कम्युटेटर पुसा, बेअरिंगच्या फेल्टवर तेल सोडा, झालं. आजची मोटर डबाबंद. गेली की आख्खी बदलायची, आणि ती त्या मॉडेलसाठी मिळाली तर मिळाली. बारीकसारीक भागांबद्दल तर बोलायलाच नको. एका कंपनीचं (नाव घेत नाही) कोरं इंजिन मी बाहेर काढलं, ब्रेकचा दांडा खोक्यातच राहिला. वाळूची नळी पण सुटलेली. हातात धरायचं कुठे हाच प्रश्न. तुमचं जिंटी टेबलावरून पडलं तर आधी फरशी तपासावी लागेल (ह.घ्या.).

टेंडरमागे

चालीबद्दल सहमत, पण ओढीचं काय? धुराडं यांनी ते सोयीस्कर वगळलंय. जुनी इंजिनं पोलादी रुळांवर चाकांना चुंबकत्व देऊन चढ चढायची, ट्राय-अँगचं मॅग्नाधिजन. आता रूळ निकेल सिल्व्हरचे, त्यांना चुंबक चिकटत नाही. वर बॉडी हलकी प्लॅस्टिकची. सपाटीवर देखणं चालतं आणि चढावर सहा डबे लावले की चाकं जागच्या जागी फिरतात. याला सुधारणा म्हणायचं?

धुराडं

ओढीचा मुद्दा मान्य, वगळला नव्हता, लिहिता लिहिता राहिला. म्हणून तर हॉर्नबीने डब्लो हे १९३८ चं नाव परत काढून काही मोठ्या इंजिनांना पुन्हा डाय-कास्ट (ओतीव धातूची) बॉडी दिली. वजन आलं की पकड आली. पण रूळवेडा यांच्या जिंटीसारख्या टँक इंजिनाला (टेंडर नसलेल्या छोट्या इंजिनाला) सहा डबे लावतं कोण? दोन डबे आणि एक ब्रेक-व्हॅन, एवढंच त्याचं काम. तेवढं नवं इंजिन आरामात ओढतं.

धातूचं कौतुक करताना जस्ताची कीड विसरू नका. ओतकामाच्या जस्तात शिसं किंवा कथील मिसळलं गेलं की काही वर्षांनी चॅसिस आतून फुगते, तडे जातात, चाकं जाम होतात. दमट हवेत लवकर. इलाज नाही. हे युद्धापूर्वीच्या मालातच होतं असं समजणारे आहेत, पण अलीकडच्या मालातही ते झालंय.

रूळवेडा

बरंच कळलं, धन्यवाद. आता दोन शंका. जिंटी आणि नवं इंजिन एकाच रुळावर चालतील का? आणि डीसीसी जिंटीतही बसेल का, की फक्त नव्यात?

धुराडं

कोड १०० चे रूळ असतील (म्हणजे २.५४ मिमी उंचीचे) तर दोन्ही चालतील. कोड ७५ च्या ठेंगण्या रुळांवर जिंटीच्या चाकांच्या खोल कडा रुळाच्या आतल्या खुर्च्यांवर (रूळ धरणाऱ्या पकडींवर) आपटतील, खडखडाट ऐकू येईल. सांध्यांवर जुनी चाकं अडखळली तर चाकांच्या पाठीमधलं अंतर मोजा. आजच्या ओओ (ब्रिटनमधलं नेहमीचं मॉडेल-माप) चाकांत ते साधारण १४.५ मिमी असतं, जुन्यांत कमी. चाकं दाबून-ओढून ते जुळवायच्या फंदात पडू नका, प्लॅस्टिकचं केंद्र ढिलं होतं.

डीसीसी नव्यात सोपं. आठ किंवा एकवीस पिनांचं सॉकेट असेल तर डिकोडर (डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणारी चिप) खोचायचा, संपलं. वर्णनात सॉकेटचा उल्लेखच नसेल तर चॅसिस जुनी आहे असं धरून चाला, हीसुद्धा एक खूणच. जिंटीत मात्र मोटरचा एक ब्रश थेट चॅसिसला जोडलेला आहे. ब्रशच्या स्प्रिंगच्या एकाच टोकाला इन्सुलेशनची बारीक नळी दिसेल, ती दुसऱ्या बाजूची. डिकोडर लावायचा तर दोन्ही ब्रश चॅसिसपासून तोडावे लागतात, नाहीतर डिकोडर जळतो. होतं ते, पण त्या इंजिनाला तसंच राहू द्या असं माझं मत.

एक राहिलं. नव्यात कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर जुना फीडबॅकवाला (मोटरचा वेग जोखून वीज कमीजास्त करणारा) कंट्रोलर लावू नका, मोटर तापते.

टेंडरमागे

आणि मोटर उघडलीच तर चुंबक फ्रेमबाहेर काढून ठेवू नका, जोर जातो. गेलाच असेल तर निओडिमियमचा मिळतो.

रूळवेडा

ठरलं मग. जिंटी आहे तसं साध्या डीसीवर, वेगळ्या वळणावर. नवं घेईन ते नव्या चॅसिसचंच, सॉकेटवालं. एक पॅनियर टँक (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना टाक्या असलेलं इंजिन) डोळ्यांसमोर आहे, वापरलेलं. विकणाऱ्याकडे आधी खालच्या बाजूचा फोटो मागतो आणि इथेच टाकतो, पट्ट्या दिसतायत का सांगा.