साथीत काम घटलं तर माणसं कमी करावीत की तास?

साथ आली की ऑर्डर आठवड्याभरात घटतात. पहिली कुऱ्हाड भरतीवर पडते, दुसरी माणसांवर. माझं मत: माणसांआधी तास कमी करावेत.

दहा माणसं, प्रत्येकी आठवड्याला ४० तास, म्हणजे ४०० तास. काम ६० टक्क्यांवर आलं तर २४० तास पुरतात. चौघांना काढा किंवा दहाही जणांना २४ तासांवर आणा, बेरीज तीच. फरक कळतो काम परत आल्यावर. जाहिरात-मुलाखतींना तीन आठवडे, निवडलेल्याच्या नोटीस पिरियडला चार, हात बसायला सहा धरले, तर तेरा आठवडे चौघांचं काम अडतं. तास कमी केलेले लोक मात्र निरोप मिळताच पूर्ण वेळ येतात. जर्मनीतल्या 'कुर्त्सआर्बाइट' या तास-कपातीच्या सरकारी योजनेत बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग (मूल असेल तर ६७) भरून मिळतो. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख लोक त्यात होते.

प्रतिसाद १
असहमत. जुनंच काम परत येईल हे तुम्ही गृहीत धरलंय. २०२० मध्ये मागणी सरसकट आटली नाही, बरीचशी दुसरीकडे सरकली. हॉटेलं आणि विमानं थांबली, तेव्हा गोदामं आणि घरपोच सेवेला माणसं मिळेनात. ॲमेझॉनने मार्चमध्ये १ लाख आणि एप्रिलमध्ये आणखी ७५ हजार जागा जाहीर केल्या. २४ तासांवर अडकून पडलेला माणूस तिकडे जायला कचरतो. अमेरिकेने माणसं सोडली, बेरोजगारी १४.८ टक्क्यांवर गेली, पण जुलै २०२२ पर्यंत ती ३.५ वर आलीसुद्धा.

धागाकर्ता
अमेरिकेचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एप्रिल २०२० मधल्या सुमारे २.३ कोटी बेरोजगारांपैकी १.८ कोटी 'तात्पुरते कमी केलेले' होते, म्हणजे परत बोलावणं येईल या अपेक्षेत. आकडा सुरुवातीला झपाट्याने उतरला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. ज्यांची नोकरी कायमची गेली, त्यांना फार वेळ लागला.

प्रतिसाद २
दोघांनीही खर्चाची बाजू सोडली. विमा, हजेरी-पगाराचं काम, सुरक्षा साहित्य हा खर्च डोक्यामागे असतो, तासामागे नाही. म्हणून दहा जणांचे २४० तास सहा जणांच्या २४० तासांपेक्षा महाग पडतात. सरकारी भरपाई नसेल तर ६० टक्के पगारावर आधी निघून जातो तो सगळ्यात कुशल माणूस, कारण त्याला दुसरीकडे मागणी असते.

मी कामानुसार ठरवीन. जे काम दोन-तीन दिवसांत शिकता येतं, तिथे जागा राखण्यात अर्थ नाही. यंत्र लावणारा, गुणवत्ता तपासणारा, ग्राहकाची जुनी फाइल डोक्यात असलेला माणूस, यांचे तास कापा पण त्यांना सोडू नका.

प्रतिसाद ३
उलट्या चुकीबद्दलही बोला: साथीत वाढलेली मागणी कायमची समजून केलेली भरती. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजारांहून जास्त लोक कमी केले, तेव्हा ऑनलाइन वाढ टिकेल हा अंदाज चुकल्याचं स्वतःच मान्य केलं. मागणी अचानक वाढली तर क्रम असा हवा: ओव्हरटाइम, मग मुदतीचा करार, मग कायम जागा.

आणि रिकाम्या जागांच्या आकड्यावर धोरण ठरवू नका. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे १.२ कोटी जागा रिकाम्या आणि ६० लाख बेरोजगार होते. पण जाहिरात उघडी ठेवायला फारसा खर्च येत नाही. जागा किती, यापेक्षा महिन्यात प्रत्यक्ष रुजू किती झाले ते बघा.

प्रतिसाद १
हे पटलं. तरी तास-कपातीला मुदत हवीच, नाहीतर मेलेला धंदा वर्षभर माणसं धरून बसतो.

धागाकर्ता
मुदत मान्य. बारा आठवडे, आणि दर चार आठवड्यांनी हातातल्या ऑर्डरचे तास मोजायचे. लागोपाठ दोनदा २४० च्या खाली आले, तर लोकांना लगेच स्पष्ट सांगायचं आणि नोटीस पिरियड पूर्ण पगारावर द्यायचा, कापलेल्या नाही.