मदत हवी आहे: गावातल्या जुन्या दगडी पुलाचं वय कसं ठरवावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव रामटेकच्या बाजूला. गावाबाहेरच्या नाल्यावर तीन कमानींचा दगडी पूल आहे. आबाजी ठामपणे सांगतात, "हा गोंडराजाच्या टायमाचा हाये." शेजारचे काका म्हणतात भोसल्यांचा, आणि शाळेतल्या सरांच्या मते इंग्रजांचा! म्हणजे गोंडराजा बख्त बुलंदनं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं तिथपासून १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं त्यानंतरपर्यंत, काहीही.

मागच्या रविवारी टेप घेऊन गेलो. मधली कमान वर टोकदार आहे, बाजूच्या दोन मात्र अर्धगोल. इथंच गाडी अडली. वेगवेगळ्या काळात दुरुस्ती झाली असेल का? दगड काळा, जोडकाम चुन्याचं, सिमेंट फक्त कठड्याला (ती पंचायतीची कृपा). प्रवाहाच्या बाजूला खांबांना नावेसारखी निमुळती टोकं आहेत, पुराचं पाणी फाकावं म्हणून. शिलालेख सापडला नाही, पण एका दगडावर पाथरवटाची खूण असावी तशी फुली कोरली आहे.

कुणी अशा कमानी किंवा खुणा आपल्या भागात पाहिल्यात का? १९०८ च्या नागपूर जिल्हा गॅझेटियरमध्ये रस्त्यांची माहिती आहे, पण अशा लहान पुलांसाठी आणखी कुठले जुने कागद पाहावेत? जुने नकाशे, जमीन-महसुलाच्या बंदोबस्ताची दप्तरं नागपुरात कुठं बघायला मिळतात? फोटो खाली टाकतो. आणि हो, चुना खरवडून नमुना काढा असं कृपया सांगू नका, आबाजी काठी घेऊन धावतील.