मदत हवी आहे : सोसायटीच्या बागेत घुशींसाठी विष ठेवावं का?

हिरवाई

नमस्कार मंडळी,

पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी आमची रो-हाउसची जुनी सोसायटी आहे. प्रत्येक घरामागे पट्टाभर परस आणि मध्ये सगळ्यांची मिळून एक बाग. या पावसाळ्यात घुशींनी उच्छाद मांडलाय. रताळी, सुरण, हळदीचे गड्डे खालून पोखरलेत. कुंपणभिंतीच्या पायाशी मातीचे ढीगच्या ढीग आहेत. त्यात काळे उंदीर वेगळे, त्यांनी दोन घरांच्या गाड्यांच्या वायरी कुरतडल्या. कमिटीने पुढच्या सभेत विषय घेतलाय की एजन्सी बोलवायची आणि बागभर विषाच्या वड्या टाकायच्या. बहुतेक जण तयार आहेत. मला विरोध करायचाय, पण 'बिचारे प्राणी' एवढ्यावर कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

उंदीर मारूच नयेत असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते. आमचे माळीकाका पावसात अनवाणी चिखलात काम करतात. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप) झाला तर पहिल्यांदा त्यांना होईल, माझ्यासारख्या खिडकीतून बाग बघणारीला नाही. त्यामुळे उंदरांची कणव मला त्यांच्या जिवावर करायची नाही.

पण कमिटीने ठरवलेली वडी ब्रोमॅडिओलोनची आहे, आणि ती काम कशी करते हे वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार व्हायला के जीवनसत्त्व लागतं. हे विष त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापरच थांबवतं. रक्तात आधीपासून असलेले घटक संपेपर्यंत उंदराला काही जाणवत नाही, तो रोज येऊन वडी खात राहतो. मग कुठेतरी आत रक्तस्राव सुरू होतो आणि चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने तो मरतो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. खाल्ल्याखाल्ल्या त्रास झाला तर उंदीर शहाणे होतात, पुन्हा त्या वडीला तोंड लावत नाहीत. म्हणजे या विषाची सगळी करामत त्या लांबलेल्या मरणातच आहे.

आणि त्या दिवसांत तो उंदीर सुस्तावतो, भलत्या वेळी उघड्यावर फिरतो. नेमका तेव्हाच तो घुबडाच्या, मांजराच्या, मुंगसाच्या तावडीत सापडतो. विष त्याच्या यकृतात तसंच असतं. आमच्या विलायती शिरीषाच्या ढोलीत गव्हाणी घुबडांची जोडी आहे. ती इथली घुशी-उंदरांची सर्वांत मोठी शिकारी आणि सर्वांत आधी बळी जाण्याची भीतीही तिलाच. उंदराला पिल्लं व्हायला तीनेक आठवडे पुरतात, घुबडाची वीण वर्षाकाठी एखाद-दुसरी. विषाने दोन्ही मेले तर आधी कोण भरून निघेल हे सांगायला नको.

एक सभासद म्हणाले, "डास मारता, झुरळं मारता, मग उंदरालाच नीतिमत्ता कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझ्यापाशी असलेलं उत्तर असं : मारायचंच असेल तर कोण मरणार आणि कसं मरणार हे निदान माझ्या हातात असावं. वडी ठेवली की दोन्ही गोष्टी माझ्या हातातून जातात. शिवाय मरण बिळात होतं, कुणाला दिसत नाही, त्यामुळे आपण काय केलं हे कुणाला बघावं लागत नाही. माझ्या मते हाच विषाचा सर्वांत मोठा मोह आहे.

मला विचारायचंय ते असं. विषाशिवाय घुशी खरोखर आटोक्यात येतात का, की ही बागकाम करणाऱ्यांची भाबडी समजूत आहे? विष नैतिकदृष्ट्या योग्य ठरेल अशी एखादी वेळ असते का? आणि सभेत काय मांडू? कुणी गोंदाचे पुठ्ठे सुचवणार असेल तर कृपया नको. त्यावर जिवंत चिकटून तासन्‌तास तडफडणारा प्राणी आणि मग तो कचऱ्यात टाकणं मला विषाहूनही वाईट वाटतं.

शिवार

ताई, कृषी पदवीधर आहे आणि या कामात बरीच वर्षं आहे. आधी एक करा. संध्याकाळी बागेतली सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील तेवढीच वापरातली. मातीच्या ढिगांवरून फौज वाटते, पण बऱ्याचदा मोजकीच बिळं चालू निघतात. हा आकडा हातात नसताना 'बागभर वड्या' म्हणजे तपासणी न करता औषध लिहून देणं.

आणि 'बागभर टाकायच्या' हेच मुळात चूक आहे. वड्या उघड्यावर टाकायच्याच नसतात. बंद, कुलपाच्या पेटीत ठेवायच्या, रोज नोंद करायची, उरलेल्या उचलून न्यायच्या, मेलेले उंदीर शोधून खोल पुरायचे. एजन्सीला हे लेखी विचारा. बरेच जण इथेच गडबडतात.

विषाशिवाय येतात का आटोक्यात? शहरातल्या बागेत बहुतेक वेळा हो, कारण तिथे उंदीर आपण वाढवलेले असतात. कंपोस्टमध्ये शिजलेलं अन्न टाकणं बंद. बिनच्या तळाला आणि भोकांना पाव इंची जाळी, अर्ध्या इंचीतून लहान उंदीर निघून जातो. पक्ष्यांना घातलेली बाजरी संध्याकाळी झाडून घ्या. कुत्र्या-मांजरांचं खाणं रात्री बाहेर राहू देऊ नका. भिंतीला लागून रचलेल्या विटा, लाकडं, पालापाचोळा हलवा. ओलं-सुकं सगळं बंद केल्यावर जे उरतील त्यांच्यासाठी चाप.

हिरवाई

@शिवार, मनापासून आभार. चाप लावला तर खार किंवा दयाळ अडकायचा, ही भीती वाटते. आमच्याकडे दोन्ही भरपूर आहेत.

शिवार

खार दिवसा फिरते, घूस रात्री. चाप तिन्हीसांजेला लावा, उजाडताच उचला. शिवाय तो लाकडी खोक्यात ठेवा, दोन्ही बाजूंना घुशीपुरतं भोक. चाप जाड स्प्रिंगचा, मोठा घ्या. उंदराचा लहान चाप घुशीला जखमी करतो, मारत नाही, आणि मग त्यात दया कुठे राहिली? आमिषाला खोबरं किंवा शेंगदाणा घ्या, सुकट-बोंबील नको, त्याला चिचुंद्री येते. चिचुंद्री उंदराच्या जातीतली नाही, कीटक खाणारी आहे, झुरळं आणि अळ्या फस्त करते. लांब टोकदार नाक आणि चिकचिक आवाज यावरून ओळखा. लोक तिला उंदीर समजून मारतात, वाईट वाटतं.

माडाखाली

सिंधुदुर्गातून लिहितोय. ताई, राग मानू नका, पण परस आणि शेत यात फरक करा. भात पोटरीत, म्हणजे लोंब्या बाहेर यायच्या बेतात, असताना उंदीर घुसले की चार रात्रींत खाचर आडवं होतं. आम्ही वर्षाचं भात त्यांच्यावर सोडून घुबडाची वाट बघू शकत नाही. झिंक फॉस्फाइड वापरतो. आधी दोन-तीन दिवस नुसतं तेल लावलेलं भरड धान्य बिळात ठेवून चटक लावायची, मग त्यात शंभराला दोन भाग विष. पोटातल्या आम्लात त्याचा फॉस्फिन वायू होतो, काम लवकर होतं. तुमच्या वडीसारखं ते महिनोन्‌महिने अंगात साठून राहत नाही, त्यामुळे मेलेला उंदीर खाणाऱ्याला धोका कमी. पण त्यावर उतारा नाही. कोंबडीने किंवा पोराने ते धान्य खाल्लं तर संपलं. म्हणून बिळाच्या आत खोल ठेवून तोंड बुजवायचं, बांधावर कधीच नाही.

माडांना मात्र मी विष घालत नाही. बुंध्याला पुरुषभर उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळायचा आणि शेजारच्या झाडांची टेकलेली झावळं छाटायची. उंदराला वर चढता येत नाही. जिथे पत्र्याने भागतं तिथे विष घालणं मलाही पाप वाटतं. भाताला पत्रा बांधता येत नाही, एवढंच.

हिरवाई

@माडाखाली, राग कसला, तुमचा मुद्दा मला पटतो. ज्याचं पोट त्या पिकावर आहे त्याने काय करावं हे मी पुण्यात बसून सांगणार नाही. आमची रताळी गेली तर आम्ही मंडईतून आणू. नुकसान एवढंसं असताना एवढं मोठं हत्यार उचलावं का, हाच माझा प्रश्न होता. तुमच्यामुळे तो मला नीट मांडता येईल.

ओपीडी_नंतर

डॉक्टर आहे. लेप्टोबद्दल थोडं. जंतू उंदराच्या मूत्रातून ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमांतून, भेगांतून शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत केवढी साथ आली ते आम्ही पाहिलंय. त्यामुळे भीती खरी आहे. पण बागेत विष ठेवलं म्हणून माळीकाका सुरक्षित झाले असं होत नाही. बाकीच्या उंदरांमुळे माती दूषित राहतेच आणि मोकळ्या बिळांत शेजारून नवे येतात. त्यांना आजच गमबूट आणि हातमोजे घेऊन द्या. पायाला जखम असेल तर चिखलात उतरवू नका. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, घरगुती उपाय नकोत. वर्गणी काढायचीच तर पहिली या बुटांसाठी काढा.

दुसरं, सोसायटीत कुणी बाजारातली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट आणून ठेवली असेल तर ती आधी हटवा. लहान मुलाच्या बोटाला लागून तोंडात गेली की यकृत निकामी होतं आणि उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनला निदान के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, कुत्र्याने वडी खाल्ली तर पशुवैद्य तोच देतात, मात्र तो कित्येक आठवडे चालू ठेवावा लागतो. रक्त दिसायची वाट बघत बसू नये.

परसदार

आमच्याकडे बांधावर गिरिपुष्प लावतात, त्याला उंदीरमारीच म्हणतात. पाला बिळात कोंबायचा. नैसर्गिक आहे, विषाचा प्रश्नच मिटतो की!

शिवार

@परसदार, हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प उत्तमच. पण त्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं आणि पाला कुजताना त्यापासून रक्त न गोठू देणारं द्रव्य तयार होऊ शकतं. अमेरिकेत कुजलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची, त्या शोधातूनच पुढे वॉरफरिन हे रक्त न गोठू देणारं द्रव्य आलं आणि १९४८ पासून उंदरांसाठी वापरात आलं. म्हणजे ब्रोमॅडिओलोनचं आणि याचं घराणं एकच. झाडातून आलं म्हणून उंदराचं मरण सोपं होत नाही. तुमच्याकडे पाल्याने उंदीर पळत असतील तर चांगलंच आहे, पण विषाचा प्रश्न त्याने मिटत नाही.

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये राहते. इथे गोंदाचे सापळे वापरण्यावर २०२४ च्या जुलैअखेरपासून बंदी आहे, कायदा २०२२ चा. कॅलिफोर्नियाने ब्रोमॅडिओलोनसारख्या दुसऱ्या पिढीच्या (वॉरफरिननंतर आलेल्या, जास्त जहाल) विषांवर २०२१ पासून कडक निर्बंध घातले. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेलं फ्लॅको नावाचं घुबड वर्षभर शहरात राहून २०२४ च्या फेब्रुवारीत मेलं. शवविच्छेदनात त्याच्या अंगात उंदरांची चार प्रकारची विषं सापडली. त्याला कुणीच विष घातलं नव्हतं, ते शहरातले उंदीर खात होतं. सभेत हे उदाहरण सांगा, तुमच्या ढोलीतल्या जोडीमुळे लोकांना पटकन पोहोचेल.

पिंजऱ्यात धरून टेकडीवर सोडून येऊ, असं कुणीतरी म्हणेलच. अनोळखी जागी उंदराला बीळ नाही, अन्न नाही, त्यामुळे बरेचसे मरतात, आणि जगले तर पायथ्याच्या वस्तीत शिरतात. आपलं दुखणं गरिबाच्या दारात नेऊन सोडण्यासारखं आहे ते.

हिरवाई

सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळी माळीकाकांबरोबर बिळं बुजवली. आज सकाळी उकरलेली बिळं वाटलं होतं त्याच्या निम्मीही नाहीत, आणि जवळजवळ सगळी सामाईक कंपोस्टच्या खड्ड्याभोवती. खड्ड्यात पोळ्या, भात, वरण सर्रास पडतं. बुटांचे पैसे दिलेत.

सभेत मांडायचा मसुदा असा लिहिलाय, चुका सांगा : "कंपोस्टचा खड्डा या आठवड्यात बंद करून जाळीचे बिन घ्यावेत. भिंतीलगतची अडगळ काढावी. चालू बिळांपाशी मोठे चाप, खोक्यात, फक्त रात्री. ते सकाळी तपासायची जबाबदारी माळीकाकांवर न टाकता सभासदांनी पाळीपाळीने घ्यावी. दोन महिन्यांनी बिळं पुन्हा मोजावीत. तरीही कमी झाली नाहीत तर विषाचा विचार व्हावा, पण बंद पेटीत, ठरावीक दिवसांसाठी, रोजच्या नोंदीसह, आणि घुबडांची पिल्लं ढोलीत असताना नाही."

शेवटचं वाक्य ठेवावं की काढावं, यावर माझं अडलंय. ठेवलं तर लोक सरळ तिथेच उडी मारतील. काढलं तर मी हटवादी ठरेन आणि उद्या खरंच लेप्टोचा रुग्ण निघाला तर माझ्याकडे उत्तर नसेल. आणखी एक : पाळीच्या यादीत पहिलं नाव माझंच घातलंय, त्यामुळे चापात घूस अर्धमेली सापडली तर तिला लगेच, कमीत कमी यातनांत कसं मारायचं हेही मला शिकायला हवं. पाण्यात बुडवणं मला मान्य नाही. @शिवार, तुम्ही काय करता?

शिवार

वाक्य ठेवा. फक्त 'विचार व्हावा' याऐवजी 'नव्याने सभा बोलावून ठराव व्हावा' असं लिहा, म्हणजे कुणी परस्पर वड्या आणणार नाही. अर्धमेलीसाठी : जाड हातमोजे घाला, चापासकट जाड पोत्यात घ्या, टणक जमिनीवर ठेवा आणि डोक्यावर जड हातोड्याचा एकच जोरदार घाव. कचरलात तर तिचे हाल वाढतात. पहिल्या वेळी एकट्या जाऊ नका, जमत असेल तर जवळच्या पशुवैद्यांकडून एकदा समजून घ्या. आणि चाप योग्य मापाचा असेल तर ही वेळ फार क्वचित येते. मापाची माहिती उद्या फोटोसकट टाकतो.