अंदमानात जीटीसाठी कुठला सेट घ्यावा? आणि अंगात किती जोर लागतो?

खडपवाला
नमस्कार मंडळी. गुहागरकडच्या खडपांवर बरीच वर्षं गरवतोय. तांबोशी वगैरे, दोन-तीन किलोच्या वर क्वचितच. फेब्रुवारीत मित्रांबरोबर अंदमानला जायचं ठरतंय, पॉपर (पाण्यावर उडवायचा खोटा मासा) फेकून जायंट ट्रेव्हली, म्हणजे जीटी हा दांडगा मासा पकडायला. बोटवाला म्हणतो पीई ८ चा (हा विणलेल्या लाईनच्या जाडीचा आकडा) रॉड-रीलचा सेट लागेलच. वय ४६, कंबर अधूनमधून कुरकुरते, व्यायामाच्या नावाने शंख. सेट घेऊ की बोटीवरचा भाड्याने वापरू? खरंच पैलवानकी लागते का?

भरती_ओहोटी
घ्यायचं तर एकदाच घ्या. १८००० साइजचं रील, २५ किलो ड्रॅगवालं (ड्रॅग म्हणजे मासा लाईन ओढतो तेव्हाचा रीलचा ब्रेक). आयुष्यभर बघायला नको.

गळपट्टू
२५ किलो डब्यावर छापलेलं असतं हो. उभ्याने धरून दाखवा कोणीतरी!

खडपवालादादा, खरेदीआधी एक करा. कुणाचा तरी जड रॉड मागून आणा, लाईनच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावा आणि तो पार्किंगच्या खांबाला बांधा. मागे रेलून काटा ८ किलोवर आणा आणि मिनिटभर तिथेच ठेवा. टोकाला ८ किलो असले तरी टोक दीड-दोन मीटर लांब आणि पुढचा हात रॉडच्या बुडख्यापासून दोन फुटांवर, म्हणजे त्या हातावर काही पट भार येतो. बहुतेकांचा काटा पाचावरच थरथरायला लागतो. तुम्हाला जेवढं पेलेल तेवढाच तुमचा ड्रॅग, रीलवर काहीही लिहिलेलं असो.

जीटी प्रवाळाच्या कडेला लागतो आणि लागताच खडकात घुसतो. पहिल्या काही सेकंदांत थोपवला नाही तर लीडर (गळाजवळची जाड लाईन) कापला गेलाच. म्हणून लाईन जाड आणि ड्रॅग ८-१० किलो. पण ही झटापट लवकर संपते. खरा घाम काढतं ते फेकणं. सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा पॉपर, पाऊण-एक किलोचं रील, डोक्यावर ऊन, आणि प्रत्येक फेकीनंतर झटके देत तो परत आणायचा. दुपारपर्यंत खांदे जातात, आणि मासा नेमका तेव्हा लागतो. म्हणून १४००० चं रील, हलका रॉड आणि पीई ६ किंवा ८. लीडर दीडशे पौंडाच्या आसपास, तो लाईनला जोडायची गाठ एफजी. ती घरीच बांधून बांधून हातात बसवा, हलत्या बोटीत जमत नाही.

मीठपाणी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, नवऱ्याबरोबर गरवतेही. दादा, कंबर कुरकुरते म्हणताय तर आधी डॉक्टरांना दाखवा. दंडाचे व्यायाम सोडा, मांड्या आणि पाठ बघा. गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून वजन मागे टाकायचं. कमरेत वाकून रॉड उचलायचा नाही. बुडखा पोटात खुपसू नका, तो टेकवायचा कमरेचा पट्टा, गिंबल बेल्ट, घ्याच. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू. आणि रॉड पार उभा करू नका. पंचेचाळीस अंशांच्या वर नेला की मासा तसूभर हलत नाही, फक्त रॉड मोडतो.

मोका_मराठी
मॉरिशसहून लिहितोय. आमच्याकडे रिव्हिएर नुआर आणि ल मोर्नच्या बाजूला साधारण नोव्हेंबर ते मार्च ब्लू मार्लिन या भाल्यासारख्या चोचीच्या अवाढव्य माशाचा हंगाम. तिथे गणित वेगळं: ८० किंवा १३० पौंडी लाईन, लिव्हर ड्रॅगचं रील (दांडी पुढेमागे करून ड्रॅग कमीजास्त करायचा), बोटीला खुर्ची. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश. खुर्चीत हार्नेस (अंगावरचा पट्टा) रीलला अडकवला की पायाने ढकलायचं, हात नुसते हँडल फिरवायला. १९५३ साली पेरूच्या काबो ब्लांकोला अल्फ्रेड ग्लॅसेल यांनी सातशे किलोंवरची ब्लॅक मार्लिन रॉडवर काढली, ती काय दंडाच्या जोरावर नव्हे.

नवखे एक विसरतात. मासा खूप लाईन घेऊन गेला की स्पूल (रीलवरची लाईनची गुंडाळी) बारीक होतो आणि ड्रॅग आपोआप वाढतो; वर पाण्यातल्या लाईनचा ओढा. तेव्हा लिव्हर मागे घ्यायचा. घाबरून पुढे ढकलला की तुटलीच. उभ्याने हार्नेस लावलात तर मागे एकाने धरायलाच हवं, मासा माणसाला बोटीबाहेर ओढू शकतो.

खडपवाला
सगळ्यांचे आभार. काट्याचा प्रयोग केला. साडेपाच! सोसायटीचा वॉचमन विचारत होता, खांब पाडताय का. रील भाड्याने घेतो, बेल्ट स्वतःचा.

गळपट्टू
साडेपाच वाईट नाही, अजून वेळ आहे. भाड्याच्या रीलवरची लाईन सकाळी निघण्याआधी पहिले वीस मीटर बोटांतून ओढून बघा. खरखरीत लागली तर तेवढी कापून गाठ नव्याने मारा. पॉपरला तीन टोकांच्या गळांऐवजी एकेरी, टोकाला उलटा काटा नसलेले गळ लावा; मासा सोडायला सोपं आणि तुमच्या बोटांनाही बरं.