रक्तात बुरशी: मारते कोण, ती की आपलीच प्रतिकारशक्ती?

हिशोबी:
माझे काका गेल्या वर्षी आतड्याच्या ऑपरेशननंतर आयसीयूत होते. नवव्या दिवशी ताप आला, बीपी कोसळलं आणि ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) कँडिडा नावाची बुरशी निघाली. अँटीफंगल, म्हणजे बुरशीचं औषध, लगेच सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "आता बुरशीपेक्षा शरीरात उसळलेल्या दाहाची भीती जास्त." काका वाचले, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. दाहच किडनी निकामी करत असेल तर तो दाबायचा का नाही? २०२० मध्ये व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. माझं मत: इथेही पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड द्यावं.

रात्रपाळी:
साफ असहमत. कोविडमध्ये रुग्ण व्हेंटिलेटरवर जाईपर्यंत विषाणू ओसरायला लागलेला असतो, दाह मागे उरतो. कँडिडा आपणहून ओसरत नाही. तिला मारावं लागतं, आणि ते काम मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी करतात. केमोने ज्यांच्या न्यूट्रोफिल पेशी तळाला गेल्या, त्यांना ती जास्त का गाठते?

शिवाय बया लबाड आहे. तिच्या पेशीभिंतीतली बीटा-ग्लुकन ही साखरेची साखळी आपल्या पेशींवरचा डेक्टिन-१ हा रिसेप्टर ओळखतो, म्हणून ती वरून मॅनन या दुसऱ्या साखळीचं पांघरूण घेऊन बसते. कॅस्पोफंजिन या अँटीफंगलने ते पांघरूण सरकतं आणि दाह वाढतो, असं प्रयोगांत दिसलंय. तुम्हाला यात धोका दिसतो, मला मदत दिसते.

आणि २०२१ चा उन्हाळा विसरलात? म्युकर, म्हणजे कोविडमधली 'काळी बुरशी', रक्तात फिरणारी नव्हे, रक्तवाहिन्यांत घुसणारी बुरशी, मान्य. पण वाढलेली साखर आणि सढळ हाताने दिलेली स्टेरॉइड्स यांची किंमत आपल्याकडे किती जणांनी डोळा नाहीतर जबडा देऊन मोजली!

उंदीरवाला:
रात्रपाळी, हे अर्धंच झालं. उंदरांच्या शिरेत कँडिडा टोचली की ती किडनीत घर करते. पहिल्या दिवसात आलेले न्यूट्रोफिल जीव वाचवतात. पण पुढेही ते येतच राहतात आणि किडनीचाच चुराडा करतात. २०१२ च्या एका कामात ज्या उंदरांमध्ये सीसीआर-१ (न्यूट्रोफिलना दाहाच्या जागी बोलावणारा रिसेप्टर) नव्हता, त्यांच्या किडनीत हे उशिराचे पाहुणे कमी पोचले आणि ते उंदीर जास्त जगले.

हिशोबी:
म्हणजे मी बरोबर!

उंदीरवाला:
छे. तुम्ही 'पहिल्या दिवसापासून' म्हणालात. तेव्हा दाबलंत तर उंदीर मरतो. शिवाय स्टेरॉइड म्हणजे उशिरा येणाऱ्यांना दारात अडवणारा वॉचमन नव्हे, ते अख्ख्या सोसायटीची वीज घालवतं.

रात्रपाळी:
माणसांतलं उदाहरण हवंय? एचआयव्हीसोबतच्या क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाला होणारा बुरशीचा संसर्ग) व्हिएतनाम, युगांडा, मलावी वगैरे देशांत डेक्सामेथासोनची चाचणी झाली. २०१६ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत, अपंगत्व वाढलं, बुरशी साफ व्हायला उशीर लागला. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

खिडकीजवळची खाट:
मी ल्युकेमियातून गेलेय, म्हणून बोलते. केमोनंतर माझे पांढऱ्या पेशींचे काउंट वाढले, घरात पेढे वाटले, आणि नेमका तेव्हाच ताप परत आला. स्कॅनमध्ये यकृत-प्लीहेत ठिपके. कल्चर कोरं. डॉक्टर म्हणाले, सैन्य परत आलंय आणि जुन्या बुरशीवर तुटून पडलंय. अँटीफंगल चालू ठेवून वर थोडं स्टेरॉइड दिलं, दोन-तीन दिवसांत ताप उतरला. तेव्हा सरसकट 'नाही'ही नको.

रात्रपाळी:
ताई, तुमचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण तुमच्याकडे सैन्य परत आलं होतं. काकांच्या रक्तात बुरशी अजून फिरत होती.

हिशोबी:
काकांची फाइल काढली. त्यात हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडच, लिहिलंय, दिवसाला २०० मिलिग्रॅम! मग हे काय?

रात्रपाळी:
सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा) बीपी वर ठेवायची औषधं वाढवूनही भागत नाही तेव्हा देतात तो डोस. तो बीपी सावरायला, बुरशीसाठी नव्हे. फाइल हातात आहेच तर मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी, तिच्यावर बुरशी ठाण मांडते) कोणत्या दिवशी काढली तेही बघा. कल्चर आल्यावर माझी पहिली नजर तिच्यावर जाते.

हिशोबी:
त्याच संध्याकाळी.