अनुभव धागा : नागपूरच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला कोणता कूलर बसवला?

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की प्रोसेसरसोबत डब्यात आलेला पंखा केकाटायला लागतो. ज्यांनी वेगळा कूलर घेतला त्यांनी लिहा: प्रोसेसर, कॅबिनेट, बसवताना कुठे अडलं. खोलीचं तापमान लिहायला मात्र विसरू नका. जानेवारीतले ६० आणि मेमधले ६० एक नव्हेत.

तर्रीपोहे, मानेवाडा
रायझन ५ ३६००. वर थेट गच्ची, त्यामुळे दुपारी खोलीतच ३८. डब्यातल्या पंख्यावर व्हिडिओ रेंडर करताना नव्वदी पार व्हायची. डीपकूल एके४०० बसवला. तेच काम, तीच खोली, आता ऐंशीच्या आत. पुण्यातला मित्र याच कूलरवर ६५ सांगतो. सांगू दे, त्याची खोली २५ला असते.

बसवण्यापेक्षा जुना काढणं अवघड. एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट, म्हणजे उष्णता कूलरकडे नेण्यासाठी मधे लावतात ती, त्याला कूलरशी चिकटवून ठेवते. सरळ वर ओढलं तर कूलरसोबत प्रोसेसरही उपटून येतो. आधी दहा मिनिटं जड काम चालवून गरम करायचं, मशीन बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवायचा, मग उचलायचा. शिवाय चारही स्क्रू सुटले की बोर्डामागची धातूची पट्टी खाली पडते, तिला मागून हात लावून ठेवा.

बर्डीवाला
मी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कॉम्प्युटरची असेंब्ली करतो. भाऊ, लोक रेटिंग पाहून कूलर घेऊन राहिले, कॅबिनेट कोणी मोजतच नाही. एके४०० ची उंची १५५ मिमी, नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिमी. कॅबिनेटच्या माहितीत किती उंचीचा कूलर मावतो ते लिहिलेलं असते, ते पाहा ना आधी! नाहीतर बाजूचं झाकण लागत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणते उघडंच राहू द्या. आपल्याकडची धूळ माहीत आहे ना?

दुसरं, इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, म्हणजे एलजीए१७०० सॉकेटवर, कूलरच्या छिद्रांतलं अंतर ७५ वरून ७८ मिमी झालं. जुना कूलर नव्या बोर्डावर लावायचा तर त्याची वेगळी किट लागते. पेस्ट मटाराएवढी पुरते. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. तळाची प्लास्टिकची फिल्म तशीच ठेवून बसवलेले कूलर तर माझ्याकडे नेहमीच येऊन राहिले.

लेखापाल ताई, प्रतापनगर
मुलाला लिक्विड कूलरच हवा होता, पाणी म्हणजे जास्त गार. दुकानदारानेच त्याला समजावलं की ते पाणीसुद्धा खोलीच्या हवेनेच थंड होतं, खोलीपेक्षा खाली जात नाही. तरी २४० मिमी रेडिएटरचा (पाणी थंड करणारी जाळी) घेतला, कारण प्रोसेसर आय७-१२७००के आहे आणि तो तासन्‌तास थ्रीडीचं काम करतो. रेडिएटर वरच्या बाजूला लावून घेतला. पंप सगळ्यात उंचावर असला तर आतली हवा त्यात अडकते म्हणे. माझ्या टॅलीच्या मशीनला मात्र डब्यातलाच पंखा आहे, त्याला काही झालेलं नाही.

फुटाळ्याचा वारा
सगळे प्रोसेसरच्या कूलरमागे लागलेत, खिडकीतल्या कूलरचं कोणी बोलेना. कोरड्या मेमध्ये तो खोली चांगली दहा अंश खाली आणतो, आणि खोली उतरली की प्रोसेसरही जवळपास तितकाच उतरतो. फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. तुषार उडतात, बोअरच्या पाण्याचे क्षार पत्र्यांवर पांढरे बसतात, वाळ्याची कुसं पंख्यात अडकतात. पावसाळ्यात याचा उपयोग शून्य.

संत्रानगरी
रायझन ५ ७६००एक्स. ९५ पाहून मोठा कूलर मागवणारच होतो. हा प्रोसेसर ९५ला टेकेपर्यंत वेग वाढवायलाच बनवलाय हे नंतर वाचलं. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) इको मोड, म्हणजे कमी वीज खाण्याची मर्यादा, ६५ वॉट केला, तापमान धाडकन उतरलं. गेममध्ये फरक जाणवला नाही. खर्च शून्य.

नवीन सभासद, खामला
कॅबिनेट टेबलाच्या खणात आहे, खणाला दार. कोणता कूलर घेऊ?

बर्डीवाला
आधी दार काढा, भाऊ. मग आठवडाभर पाहा, आणि तापमान लिहून पाठवा.